“बाई, यंदा निकाल किती?”

मी वसईचीच. घर वाडवळी, देव्हाऱ्यात गणपती, आणि नोकरी मात्र सगळी कॅथलिक शाळांत. आधी मराठी-भूगोलाची बाई, मग पर्यवेक्षिका, शेवटी मुख्याध्यापिका. शाळा एकाच व्यवस्थापनाच्या असल्या की बदल्या होतात, म्हणून बऱ्याच गावांतली मुलं हाताखालून गेली. आमच्या पश्चिम पट्ट्यात, अर्नाळा-आगाशीपासून खाली नायगावपर्यंत, जिथे चर्च तिथे बहुधा शाळा असतेच. काही शाळा धर्मग्रामाच्या, म्हणजे त्या-त्या चर्चच्या, काही सिस्टरांच्या संघांच्या. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याआधी सगळा कारभार मुंबईच्या धर्मप्रांताकडे होता. बाहेरून पाहणाऱ्याला ही एक भलीमोठी शिस्तबद्ध संस्था वाटते. आत राहिलं की कळतं, प्रत्येक शाळा आपापल्या गावासारखी असते. निवृत्तीनंतर नव्या शिक्षिका विचारायला येतात, तेव्हा जे सांगते तेच इथे लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा नाही.

१. शंभर टक्के निकालाच्या शाळेत आधी नववीचा पट बघावा.

फलक गेटवर लागला की गाव खूश, फादर खूश, आणि बाजारात भाजीवालीसुद्धा दोन मिरच्या जास्त टाकते. पण निकाल लागतो तो परीक्षेला बसलेल्यांचा. जे बसलेच नाहीत ते कुठल्या रकान्यात? नववीत अडवून ठेवायचं आणि पालक कंटाळून दाखला मागायला आले की पटकन सही करायची. किंवा गोड आवाजात सांगायचं, “हिला १७ नंबरचा फॉर्म भरू द्या, बाहेरून बसेल, ताण नाही.” हे प्रकार शाळेशाळेत चालतात आणि आम्हा सगळ्यांना ते ठाऊक असतात. एका नावाजलेल्या शाळेत बदलून गेले, तर आठवीत खच्चून भरलेली तुकडी दहावीपर्यंत निम्मी झालेली. निकाल अर्थातच उत्तम होता.

टक्केवारीचं हे सोंग २०२१ साली अख्ख्या महाराष्ट्रापुढे उघडं पडलं. कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण आणि शाळेतलं मूल्यमापन धरून राज्याचा निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. मी तेव्हापासून वेगळी वही घातली: पाचवीत आलेल्यांपैकी दहावीच्या बाकावर किती पोचले. त्या आकड्याचा फलक कुणी लावत नाही, पण शाळा कशी आहे हे मला विचाराल तर मी तोच आकडा बघेन.

२. मुलाची खरी माहिती हजेरीपटात नसते, रविवारी चर्चच्या आवारात असते.

मी मिस्सेला बसत नसे, पण मिस्सा सुटायच्या वेळेला आवारात जाऊन उभी राहायची. पालकसभेची चिठ्ठी दप्तरातच कुजते. रविवारी मात्र बाप समोरून चालत येतो आणि त्याला तोंड चुकवायला जागा नसते. “बाई, घरी या की एकदा” असं आई म्हणते, आणि घरी गेलं की अर्धे प्रश्न उंबऱ्यातच सुटतात.

आठवीतला एक मुलगा पहिल्या तासाला रोज पेंगायचा. गणिताचे सर त्याला उभा करायचे, तर तो उभ्याउभ्या पेंगायचा. शिक्षा करून झाली, वहीत शेरे लिहून झाले. मग आवारात त्याच्या शेजारणीने सहज सांगितलं की त्यांच्या वाडीत मोगरा आहे. कळ्या उमलायच्या आत खुडाव्या लागतात, म्हणून घरातले सगळे अंधार असतानाच उठतात आणि आई टोपली घेऊन दादरच्या फुलबाजारासाठी पहाटेची लोकल पकडते. शाळेची घंटा होईपर्यंत त्या मुलाचा अर्धा दिवस काम करून झालेला असे. आम्ही त्या वर्गाचं वेळापत्रक फिरवलं, गणित तिसऱ्या तासाला नेलं आणि पहिल्या तासाला कार्यानुभव ठेवला. सरांनी कुरकुर केली. मुलगा पुढे गणितात चांगला निघाला, पण तसा निघाला नसता तरी बदल बरोबरच होता.

ही अशी माहिती मिळते कारण इथे शाळा, चर्च आणि घर यांच्यामध्ये फार अंतर नाही. धर्मग्रामात घरांचे छोटे समूह असतात, ते आळीपाळीने एकमेकांच्या घरी प्रार्थनेला जमतात, सिस्टर घरोघर फिरतात. एखादं मूल आठवडाभर आलं नाही तर चौकशीला पोस्टकार्ड लागत नाही. याला दुसरी बाजूही आहे. सगळ्यांना सगळं कळतं, त्यातून चघळायला विषयही मिळतो. कुणाचा बाप पितो, कुणाच्या आईबापांचं पटत नाही, हे स्टाफरूममध्ये चहाबरोबर निघालं की मी कप ठेवून उठायची. मुलाला मदत करण्यापुरतीच ती माहिती आपली असते.

३. ज्याने रविवारी चर्चमध्ये वाचन केलं, त्याला वक्तृत्वाची भीती नसते.

आमच्याकडची मुलं घरी सामवेदी बोलतात, कुणी वाडवळी, कुणी कोळ्यांची बोली. पहिलीत आलेल्या मुलाला पुस्तकातलं मराठी जवळजवळ परकंच असतं. पहिली-दुसरीच्या बाईंना गावची बोली आलीच पाहिजे, निदान कळली तरी पाहिजे. “नीट बोल” म्हणून पहिल्याच आठवड्यात गप्प केलेलं मूल पुढे चौथीपर्यंत तोंड उघडत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

मग याच मुलांना प्रमाण मराठी येतं कुठून? शाळेतून येतं, हे आम्ही शिक्षक छाती फुगवून सांगतो. अर्धं श्रेय मात्र चर्चच्या वाचनपीठाचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकानंतर, लॅटिन मागे पडून मिस्सा मराठीत होऊ लागली. बारा वर्षांची मुलगी भरलेल्या चर्चपुढे उभी राहून बायबलमधला उतारा वाचते. आदल्या दिवशी सिस्टर तिच्याकडून चारदा वाचून घेतात, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा ते सांगतात. एवढी तालीम कुठल्या शाळेत प्रत्येक मुलाची होते? भर घाला गायकवृंदाची, नाताळच्या नाटकाची, सणातल्या बॅण्डची. क्लॅरिनेट वाजवणारी मुलं अभ्यासात मागे पडतात असं पालक म्हणत. माझ्या अनुभवात ती वेळेवर येणारी आणि चुकलं तर पुन्हा सुरुवातीपासून करणारी मुलं होती.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या मराठी शाळेत शिकले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकोबांवर. ही दोन नावं मी वर्गात इतक्यांदा घेतली की मागच्या बाकावरची पोरं माझ्याआधी वाक्य पूर्ण करायची.

पण वर्गात सगळीच मुलं ख्रिस्ती नसतात. माझ्यासारख्या घरातून आलेल्या, किंवा नालासोपाऱ्याच्या चाळीतून रिक्षाने येणाऱ्या मुलीला ते वाचनपीठ मिळत नाही. हे लक्षात आल्यावर परिपाठातल्या बातम्या आणि बोधकथा मी ठरवून त्याच मुलांना दिल्या, आणि तालीम सिस्टरांनाच घ्यायला सांगितली. त्यांना आवडलं. आदल्या दिवशी चारदा वाचून घेण्यात त्यांनी काही सूट दिली नाही.

४. फादर बदलतात, शिपाई राहतो.

शाळेचे मॅनेजर फादर काही वर्षांनी दुसऱ्या धर्मग्रामात जातात. एकाला नवी इमारत हवी असते, दुसऱ्याला संगणक कक्ष, तिसऱ्याला फुटबॉलचं मैदान. तिन्ही चांगलं. पण कुठल्या मुलाच्या आजीला फोन लावायचा, कुठल्या वर्गाचं छप्पर जुलैत गळतं आणि कुठला पालक ओरडतो पण मनाने चांगला आहे, हे शिपायाला आणि कारकुनाला ठाऊक असतं. नव्या मुख्याध्यापिकेने पहिला चहा त्यांच्याबरोबर घ्यावा.

५. शाळांच्या जाळ्याचा उपयोग पूर्वपरीक्षेत कळतो.

बऱ्याच शाळा एका छताखाली असण्याचा फायदा काय, असं कुणी विचारलं तर लोक क्रीडा महोत्सव नि संचलन दाखवतात. मी सामायिक प्रश्नपत्रिका दाखवेन. एका वर्षी आमच्या चार-पाच शाळांनी ठरवलं: दहावीच्या पूर्वपरीक्षेचा पेपर एकच, आणि उत्तरपत्रिका एकमेकांच्या शाळेत तपासायच्या. तोवर प्रत्येक शाळा आपला पेपर काढायची, आपणच तपासायची, आणि आपली मुलं आपल्याला हुशारच वाटायची.

पहिल्या फेरीत हाहाकार झाला. भूगोलात आमची मुलं नकाशा सुंदर भरत होती, पण ‘भौगोलिक कारणे द्या’ म्हटलं की पाठ केलेली तीच दोन वाक्यं प्रत्येक उत्तरात. शेजारच्या गावच्या बाईंनी समासात लाल पेनने लिहिलं होतं, “कारण कुठे आहे?” एका उत्तरपत्रिकेवर नव्हे, सगळ्यांवर. शिक्षक दुखावले. एका शाळेतून तर निरोप आला की तुमच्या तपासनिसांना मुलांचा राग आहे. पण जानेवारीत त्याच बाई आमच्याकडे येऊन दोन तास शिकवून गेल्या आणि आमचे विज्ञानाचे सर त्यांच्याकडे प्रयोग करून दाखवायला गेले. फी नाही, मानधन नाही, दुपारचं जेवण तेवढं त्या शाळेत. कोचिंग क्लासचे मालक अशी देवाणघेवाण कधी करणार नाहीत. त्यांची गिऱ्हाइकं एकमेकांची असतात. आमची मुलं एकमेकांची भाचरंडं होती.

तरी हे दोन-तीन वर्षंच टिकलं. मग एक मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, दोन शाळांत चुरस लागली, आणि प्रत्येकीचा पेपर पुन्हा वेगळा झाला. वरून आदेश काढून असलं काही चालत नाही, दोन माणसांचं पटावं लागतं.

६. धर्मशिक्षणाच्या तासाला बाकीची मुलं कुठे बसतात, ते विचारावं.

ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला, इतर मुलं मूल्यशिक्षणाला, अशी आमच्याकडची रीत. राज्यघटनेच्या २८व्या कलमातच आहे की सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीशिवाय, आणि मूल असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. कायदा पाळला जात होता, मला तक्रार करायला जागा नव्हती. पण मूल्यशिक्षणाचा तास बहुतेक ठिकाणी ज्याचा तास रिकामा त्याच्या गळ्यात पडे. मुलं चित्रं काढत किंवा गृहपाठ उरकत. त्याच वेळी पलीकडच्या वर्गात सिस्टर तयारी करून आलेल्या असत. मुलांना हा फरक कळतो. मी तो तास वेळापत्रकात आधी भरायला लागले आणि मग बाकीचे विषय.

प्रवेशाचंही तसंच. ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापण्याचा नि चालवण्याचा हक्क दिला. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००९चा शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, म्हणजे विनाअनुदानित खासगी शाळांत वंचित घरच्या मुलांसाठी ठेवायच्या पंचवीस टक्के जागांचं बंधनही त्यांच्यावर नाही. निकाल आल्यावर मिशनरी शाळांच्या वर्तुळात सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. मला तो आवडला नाही. गरिबांसाठी शाळा काढणाऱ्या संघांनी, कायद्याने सक्ती नसली तरी, ती पंचवीस टक्के मुलं स्वतःहून घ्यावीत, असं मी एका सभेत बोलले. टाळ्या पडल्या. पुढे काही झालं नाही.

७. मराठी तुकडी बंद होते तेव्हा कुणी दार लावत नाही.

एकाच आवारात दोन माध्यमं. इंग्रजी बालवर्गाच्या अर्जासाठी पहाटेपासून रांग, मराठी पहिलीसाठी बाई घरोघर फिरतात. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरताना, पट कमी भरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, तो गेला की पालक म्हणतात, “मराठीला शिक्षकच नाहीत,” आणि पुढल्या वर्षी पट आणखी कमी. कुणी वाईट नसतं यात.

आईबापांना दोष देणारे लेख मी पुष्कळ वाचले. बोरिवलीच्या सोसायटीत भाजी विकणारी आमची एखादी बाई रोज बघते की कुणाची पोरं कुठल्या शाळेत जातात आणि पुढे कुठे लागतात. तिने आपल्या नातवाला मराठी शाळेत घालावं म्हणून मी तिला काय देऊ शकते? भाषाप्रेम तिला शिकवायची माझी प्राज्ञा नाही. ती लोकलच्या डब्यात अभंग म्हणणाऱ्यांच्या शेजारी बसून आलेली असते.

मला काय खटकतं ते सांगते. तीच बाई मराठी शाळेत येऊन माझ्याशी तावातावाने भांडत असे: “माझ्या पोराला का मारलं?” इंग्रजी शाळेच्या पालकसभेत तिला मी मागच्या खुर्चीवर गप्प बसलेली पाहिली. शिक्षिका वयाने तिच्या नातीएवढी, बोलते इंग्रजीत, बाई मान डोलावते. सभा संपल्यावर गेटबाहेर मला विचारते, “काय म्हणाली ती?” मुलाचे गुण कदाचित वाढले असतील, पण त्याच्या घराशी शाळेचं बोलणं तुटलं. म्हणून इंग्रजी माध्यमाच्या मुख्याध्यापिकांना माझी एकच विनंती असे: पालकसभा मराठीत घ्या. एकदोघींनी घेतली आणि त्या सभा दुप्पट वेळ चालल्या.

८. फी माफ करायची तर वर्गात नाव घेऊ नये.

वसईत मदतीची परंपरा जुनी. बॅसिन कॅथलिक बँक १९१८ सालची, सहकारी पतपेढीतून वाढलेली. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये ही त्या काळची गरज होती. आजही धर्मग्रामात मागितलं तर पैसा उभा राहतो, माजी विद्यार्थी फोनवर ‘हो’ म्हणतात. अडचण घेणाऱ्याची असते. स्नेहसंमेलनात स्टेजवर बोलावून पाकीट द्यायची पद्धत मी बंद केली. देणाऱ्यांपैकी एकाला फार वाईट वाटलं, त्याला फोटो हवा होता.

९. जाळं आपल्यांना धरतं. बाहेरच्याला शोधावं लागतं.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, पुढे रद्द झाला. माझा विषय म्हणून मला जरा जास्तच लागलं. जूनपासून मोबाइलवर वर्ग सुरू झाले, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी आम्ही स्वाध्यायाचे कागद छापले. धर्मग्रामातली मुलं तीन दिवसांत सापडली. प्रत्येक समूहाची एक बाई होती, तिने आपल्या दहा-बारा घरांत कागद पोचवले आणि पुढच्या आठवड्यात भरलेले परत आणले. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा पगार थांबला आहे, हेही त्याच पिशवीतून आमच्यापर्यंत आलं. इतकी चोख यंत्रणा सरकारकडेही नव्हती, हे मी अभिमानाने सांगत असे.

मग आम्ही यादी नीट पाहिली. न सापडलेली मुलं जवळजवळ सगळी एका प्रकारची होती: भाड्याच्या खोलीत राहणारी, बाप वॉचमन किंवा रिक्षावाला, घर उत्तर प्रदेशात किंवा मराठवाड्यात, कुठल्याच समूहात नाव नाही. दिलेला फोन नंबर बंद, दिलेला पत्ता सोडलेला. वर्गात ती वर्षानुवर्षं बसत होती, पण रविवारच्या आवारात ती कधी नसत, आणि म्हणून आम्हाला त्यांच्याविषयी काहीच माहीत नव्हतं.

आमच्या शिपायाने वाट काढली. तो म्हणाला, “बाई, खोली बदलली तरी उधारी बदलत नाही. किराणावाल्याला विचारा.” दोन तरुण शिक्षक स्कूटरवर नालासोपाऱ्याच्या गल्ल्यांतून दुकानं पालथी घालत फिरले. बरीच मुलं अशी सापडली. काही गावी निघून गेली होती, त्यांच्या गावच्या शाळांना आम्ही पत्रं पाठवली. एक मुलगी कारखान्यात खोकी बांधत होती. तिला परत आणायला सिस्टर स्वतः गेल्या. पहिल्या खेपेला मालकाने गेटवरूनच परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला त्या मला घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षी प्रवेशअर्जात आम्ही एक रकाना वाढवला: ‘जवळचं किराणा दुकान, दुकानदाराचा फोन’. शिक्षण विभागातून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कुठल्या परिपत्रकानुसार? कारकुनाने त्यांना चहा दिला. माझ्यानंतर आलेल्या मुख्याध्यापिकेने तो रकाना ठेवला आहे असं ऐकते, फक्त तो आता आधार क्रमांकाच्या वर गेला आहे.